पाऊस मोजता, ओल कोण मोजणार?



नाशिकचा द्राक्षबागाईतदार वेलीला मुद्दाम तहानेला ठेवतो, हे ऐकून कापूसवाल्याला हसू येईल. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरायच्या वेळी तो पाणी तोडतो. शेंडा थांबला की डोळ्यात घड तयार होतो. मणी फुगताना तोच ताण बसला तर मणी बारीक राहतात. त्याच्या हाती ठिबकचा कॉक आहे. आपल्या हाती आभाळ.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो त्यातले एवढे मात्र शेतात खरे ठरले : जमिनीत पाणी असणे वेगळे आणि ते मुळाला मिळणे वेगळे. भारी काळी जमीन पाणी पुष्कळ धरते, पण त्यातले जवळपास निम्मे सोडतच नाही. ढेकूळ हाताला ओलसर लागते आणि पऱ्हाटीने मान टाकलेली असते! मुरमाड जमीन मुळात धरतेच थोडे. एकच शिवार, एकच पाऊस, आणि बांधाच्या दोन बाजूंना दोन नशिबे.

सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत जमिनीच्या ओलाव्याचे नाव आहे. पण पहिली चाळणी पावसाचीच, ओलावा त्यानंतरच्या रांगेत. पावसाचा खंड धरायचा तर तोही तीन-चार आठवड्यांचा. मुरमाडावरची पाती तेवढी थांबतात होय? पंधरा दिवसांत गळून मोकळी होतात!

कोळपणी करून भेगा बुजवणे, ज्वारीची ओल राखणे हे आम्ही करतोच. सरकारने जमिनीच्या प्रतीप्रमाणे गावोगाव ओल मोजावी आणि दुष्काळ ठरवताना तीच आधी धरावी. हा ठराव या बैठकीत मांडत आहोत.