सावकार कुठं गेला?

दिवाळीच्या सुमाराला सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातून ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, शेळी आणि शाळा अर्धी टाकलेली पोरं. दाराला कुलूप, नाहीतर उंबऱ्यावर म्हातारी. ते बघितलं की मला दोन सिनेमे आठवतात.

पहिला आपल्याच मुलखातला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 1925 साली ना. ह. आपट्यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कागदात जमीन बुडते आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबतो. त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. 1936 मध्ये हीच गोष्ट बोलपटात आली. मधल्या मंदीत धान्याचे भाव कोसळले होते, कर्ज मात्र होतं तेवढंच राहिलं होतं.

दुसरा जॉन फोर्डचा ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’, 1940 चा. ओक्लाहोमातलं एक कूळ जमिनीवरून उठतं आणि मोडक्या ट्रकमधून मजुरीला कॅलिफोर्नियात जातं. त्यात घर पाडायला ट्रॅक्टर घेऊन येतो तो शेजाऱ्याचाच पोरगा. मग गोळी घालायची कुणाला? मालकाच्या मागं कंपनी, कंपनीच्या मागं बँक. पेंटरांच्या सावकाराला निदान तोंड होतं. इथं ते सापडतच नाही.

जतमध्ये मला फोर्डचा सिनेमा जास्त खरा वाटतो. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो टोळीचा मुकादम, बऱ्याचदा गावातलाच, भावकीतला. त्याच्या हातात पैसा येतो तो वरून, वाहतूकदाराकडून, कारखान्याकडून. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. रागानं मुठी आवळाव्यात, तर समोर चुलतभाऊ उभा.

आणि जातात कुठं? पुष्कळजण आपल्याच जिल्ह्यात, कृष्णाकाठी. त्या नदीचं पाणी गावात नाही म्हणून 2012 मध्ये जतच्या सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. त्याच पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला हे हात लागतात. मला हे सहन होत नाही.

या गोष्टीवर जतमध्येच सिनेमा व्हायला हवा. मराठी आणि कानडी, दोन्ही बोलणारा. त्यातला मुकादम खलनायक नको. ट्रॉली भरून झाल्यावर त्यानंच उंबऱ्यावरच्या त्या म्हातारीच्या पाया पडावं, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवावा.