बोलीवरून देश ठरतो का?



या आठवड्याचा प्रश्न श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीहून आला आहे. सातवीतला एक वाचक विचारतो, ‘अमेरिकेत काही राज्यं परदेशी लोकांना पकडायला आपले पोलीस देत नाहीत म्हणे. राज्याला देशाच्या सरकारला असं नाही म्हणता येतं का? आणि आपल्याकडे?’

प्रश्न झकास आहे! आधी अमेरिकेचं पाहू. देशात कोणी यायचं आणि कोणी राहायचं, हे तिथे केंद्र सरकार ठरवतं. पोलीस मात्र राज्यांचे आणि शहरांचे. १९९७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदुकांच्या एका कायद्याच्या खटल्यात सांगितलं, की केंद्राला आपल्या कामासाठी राज्यांचे अधिकारी वेठीला धरता येणार नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये कायदाच केला. आमचे पोलीस गुन्हे शोधतील, पण केवळ कागदपत्रं नाहीत म्हणून माणसं पकडून देणार नाहीत, असा त्याचा अर्थ. काही अपवाद ठेवले आहेत, बरं का! यामागचं कारण साधं आहे. एखादी आई पोलिसांनाच घाबरली, तर घरात चोरी झाली तरी ती पोलीस ठाण्यावर जाईल का? केंद्राचे अधिकारी मात्र आपलं काम करू शकतात.

आता आपल्याकडे या. घटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. नागरिकत्व आणि परदेशी लोक हा विषय केंद्राचा, पोलीस राज्याचे. म्हणजे अमेरिकेसारखंच की! पण एक मोठा फरक आहे. परदेशी लोकांविषयीचे बरेचसे अधिकार केंद्राने राज्यांकडे सोपवले आहेत. म्हणून आपल्याकडे दारावर थाप पडते, ती बहुधा राज्याच्याच पोलिसांची.

मग त्यांना लगाम कुणाचा? घटनेचा! कलम १९ मधलं देशात कुठेही फिरण्याचं आणि राहण्याचं स्वातंत्र्य ‘नागरिकांना’ आहे. कलम २१ मात्र ‘व्यक्ती’ म्हणतं. कायद्याने ठरवलेली रीत पाळल्याशिवाय कोणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांना ‘राज्य सोडून जा’ अशा धमक्या येत होत्या. तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं काम आहे.

ही रीत म्हणजे काय? काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजाराचं उदाहरण घेऊ. लांबलांबून माणसं येतात, प्रत्येकाची बोली निराळी. समजा, परगावच्या एका शेतकऱ्यावर कुणी आळ घेतला, ‘हा बैल चोरीचा!’ मग शहाणी माणसं काय करतील? पावती बघतील, बैल ज्याच्याकडून घेतला त्याला विचारतील, शेतकऱ्याचंही ऐकतील. त्याचं बोलणं वेगळं वाटलं म्हणून बैल काढून घेतला, तर त्याला न्याय म्हणाल का?

माणसांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस काही जणांना ‘बांगलादेशी’ म्हणून रेल्वेने बंगालकडे नेत होते. उलुबेरिया स्थानकात जमावाने त्यांना सोडवलं. यात आमच्याच राज्यातली माणसं आहेत, अशी पश्चिम बंगालची तक्रार होती. पण जमावाने गाडी अडवणं, हाही काही न्याय नव्हे!

जून २०२५ मध्ये तर मुंबई परिसरात पोट भरायला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे पाठवलं गेलं. ते भारतीय असल्याचे कागद पश्चिम बंगाल सरकारने पुढे केले, तेव्हा ते परत आले. बंगाली ही बांगलादेशाची भाषा आहे, तशीच आपल्या कोट्यवधी देशबांधवांचीही आहे. बोलीवरून सीमा कशी ओळखणार?

बेकायदा आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे, यात शंका नाही. पण आधी चौकशी, मग निर्णय. आपल्याकडे परदेशी लोकांविषयीच्या कायद्यात ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच असतो. आणि नुसतं आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असलं म्हणजे नागरिकत्व सिद्ध होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं आहे. रोजंदारीवर गावोगाव फिरणाऱ्या माणसाने जुने दाखले कुठून आणायचे? म्हणून त्याला वेळ आणि वकील मिळणं, त्याच्या गावाकडे विचारणा होणं फार महत्त्वाचं!

पालकांनो, घरातल्या सगळ्यांचे जन्मदाखले आणि शाळा सोडल्याचे दाखले एका जागी ठेवा. आणि दोस्तांनो, वर्गात कलम १९, २१ आणि २२ मोठ्याने वाचा. ‘नागरिक’ कुठे म्हटलंय आणि ‘व्यक्ती’ कुठे, तिथे पेन्सिलीने खूण करा. अटक झालेल्या माणसाला किती तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं, तेही कलम २२ मध्ये सापडेल. उत्तर आम्हाला पोस्टकार्डावर कळवा!