मिटलेले जनुक आणि मोडलेले जनुक

शेळी क जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करते. माणसाला ते संत्र्यातून, आवळ्यातून घ्यावे लागते. ते बनवणाऱ्या शेवटच्या विकराचे ‘गुलो’ जनुक आपल्या आठव्या गुणसूत्रावर अजून आहे, पण त्याचे बरेच भाग गळून गेले आहेत. अशा मोडलेल्या, धड प्रथिन न घडवणाऱ्या जनुकाला छद्मजनुक म्हणतात. कितीही औषधे घेतली तरी ते पुन्हा क जीवनसत्त्व देणार नाही.

असे मोडलेले जनुक आणि नुसते मिटलेले, म्हणजे शाबूत पण बंद असलेले जनुक यांतला फरक नागपुरात नीट समजणे गरजेचे आहे, कारण विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलचे जनुक छद्मजनुक नव्हे. ते प्रथिन घडवते, पण एका अक्षराच्या बदलामुळे सदोष घडवते, म्हणून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. अकराव्या गुणसूत्रावर त्याच्याच शेजारी दोन गॅमा जनुके आहेत. गर्भात असताना हिमोग्लोबिनसाठी हीच जनुके राबतात आणि जन्मानंतर मिटतात. मिटतात, मोडत नाहीत. हायड्रॉक्सियुरिया त्यांना काही प्रमाणात पुन्हा कामाला लावते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेला ‘कॅसजेव्ही’ हा जनुकोपचारही त्यांच्यावरचा लगामच सैल करतो.

याच ओळीत ‘एचबीबीपी१’ नावाचे एक छद्मजनुकही आहे. त्यातून हिमोग्लोबिनचा कणही तयार होत नाही. मात्र त्यापासून निघणारा आरएनए तांबड्या पेशी घडण्यास हातभार लावतो, असे २०२१ च्या संशोधनात दिसले. म्हणजे छद्मजनुक सरसकट कचरा नव्हे. काही छद्मजनुके आरएनएच्या रूपाने इतर जनुकांच्या कामात भाग घेतात. बरीचशी काहीच करत नसावीत. प्रत्येकाचा निकाल प्रयोगानेच लागतो.

उद्या कोणी ‘तुमची निद्रिस्त जनुके जागी करतो’ म्हणून काढे-गोळ्या विकू लागला, तर कोणते जनुक आणि ते शाबूत आहे का, हे दोन प्रश्न त्याला विचारावेत. सिकलसेलग्रस्त मुलाच्या आईवडिलांना विवाहपूर्व तपासणीचे महत्त्व सांगितले जाते, ते योग्यच आहे. त्यासोबत, मुलाची गॅमा जनुके शाबूत आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचे नियमित औषध त्यांनाच कामाला लावते, हेही समुपदेशकांनी मराठीत, गोंडीत सोपे करून सांगितले पाहिजे. कारण कळले, की औषध मध्येच सोडण्याचा मोह कमी होतो.