इंजिनावरचं नाव

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिद्धेश्वरहून माथेरानला निघालो होतो. नेरळला मांडलेलं वाफेचं इंजिन बघता बघता आमच्या चिरंजीवांनी खिळ्यानं त्यावर आपलं नाव कोरलं! मी शिक्षिका, मान खाली गेली.

एनॅमलच्या ताटाचा टवका उडाला की तिथूनच गंज धरतो ना? इंजिनाचंही तसंच. रंगाखाली पाणी मुरतं, पत्रा सडतो. मग गंज खरवडून, अस्तर देऊन नव्यानं रंगवावं लागतं. (ते काम जाणकारांचं बरं का, जुन्या बॉयलरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं.) निगा राखली तर इंजिन पुन्हा धावतंसुद्धा. 1907 साली सुरू झालेल्या याच रेल्वेचं 740 नंबरचं इंजिन इंग्लंडात दुरुस्त होऊन धावलं.

बाळ्याला मी स्टेशनमास्तरांपुढे उभं केलं. माथेरान येईपर्यंत तो बोलला नाही, मीही नाही.