दोन वयांचे बाळ

गेल्या महिन्यात आमच्या सानपाड्याच्या दवाखान्यात एक आजी नातीला घेऊन आल्या. साधी सर्दी होती. पाच वर्षांच्या त्या मुलीने नाकावरचा चष्मा सारखा केला आणि भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातील अक्षरे ती मोठ्याने लावू लागली. आजींनी तिच्याकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, त्या दिवशी तुमचा फोन आला नसता तर?" मी विषय बदलला. कारण तो फोन मी माझीच चूक सुधारण्यासाठी केला होता.

जून २०२० मधली गोष्ट. लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद होती, रस्ते ओस पडले होते आणि रुग्णालयाचे नाव काढले तरी माणसे धास्तावत होती. अशा दिवसांत ही मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन चौदाशे ग्रॅम. बावीस दिवसांनी ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी आजींनी मला विचारले, "चार दिवसांत पुन्हा दाखवायला बोलावले आहे. एवढ्याशा जिवाला बाहेर न्यायचे का?" वजनाची तपासणी असेल असे गृहीत धरून मी म्हणालो, "पंधरा दिवस थांबा." रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले, तपासणी कसली, हे आपण विचारलेच नाही. सकाळी फोन करून कागद वाचून घेतला. तपासणी डोळ्यांची होती.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून पाहता डोळा अगदी निरोगी दिसतो. म्हणून चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. फारच लहान बाळाचा त्याहून आधी. ही मुदत महामारीसाठी थांबत नाही. आमच्या नातीची तपासणी सत्ताविसाव्या दिवशी झाली. पुढच्या फेरीत दोष वाढलेला आढळला, लेझरचे उपचार झाले आणि दृष्टी वाचली.

त्या काळात आणखी एक गैरसमज घरोघरी होता. बाळंतिणीला करोना झाला की बाळ तिच्यापासून दूर ठेवायचे आणि अंगावरचे दूध बंद करायचे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला याच्या नेमका उलट होता. मुखपट्टी लावून, हात धुऊन आईने बाळाला जवळ घ्यावे आणि दूध पाजावे, असे तिने सांगितले होते. कमी दिवसांच्या बाळाला आईचे दूध औषधासारखे असते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली, ती याच जाणिवेतून. उघड्या छातीशी बाळ धरण्याची 'कांगारू' पद्धतही अशीच बिनखर्चाची आणि मोलाची. आई थकली असेल तर वडील किंवा निरोगी आजीही ती ऊब देऊ शकतात. शेगडी आणि धुरी मात्र नको. त्या कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. गुटीही देऊ नये.

डोळ्यांची काळजी मिटली, तेव्हा आजींची दुसरी काळजी सुरू झाली. "शेजारचे बाळ सहा महिन्यांत बसू लागले, आमची मान नुकती सावरते." येथे एक हिशेब समजून घ्यावा. अशा बाळाला दोन वये असतात. एक जन्मतारखेचे, दुसरे ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. चाळीस आठवड्यांतून एकतीस वजा केले की नऊ उरतात. म्हणजे जन्मतारखेने सहा महिन्यांची ही मुलगी वाढीच्या दृष्टीने चार महिन्यांची होती आणि त्या वयाला मान सावरणे योग्यच होते. दोन वर्षांपर्यंत वाढ अशीच मोजावी. लसी मात्र बाळाची प्रकृती ठीक असल्यास जन्मतारखेनुसारच द्याव्यात.

परंतु हा हिशेब निष्काळजीपणाचे निमित्त होऊ नये. सुधारित वयाने तीन महिने झाले तरी बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नाही, चार महिन्यांनंतरही मान डळमळते, मुठी सतत घट्ट आवळलेल्या राहतात, एकच हात चालतो किंवा आवाजाने दचकत नाही, तर 'उशिरा करेल' म्हणून वाट पाहू नये. कानांची तपासणी राहून गेली असेल तर करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा मुलांवर विनामूल्य उपचार होतात.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८०च्या दशकाअखेरीस जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. सरासरीने त्यांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती. इतर मुलांच्या तुलनेत थोडी मागे. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत धीर धरण्यास आधार आहे, आणि लक्ष ठेवण्यास कारणही आहे. महामारीत जन्मलेली ही मुले आता शाळेत गेली आहेत. वाचण्यात, गणितात किंवा एका जागी बसण्यात अडचण दिसली तर 'मस्तीखोर' म्हणून रागावण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आजी-आजोबांनो, त्या बंद घरांत पाहुणे नव्हते, पाळणाघर नव्हते, बाग नव्हती. बाळाशी बोलायला तुम्ही होतात. तुमच्या बडबडगीतांनी आणि मांडीवरच्या खेळांनी जे झाले, ते मोबाइलच्या पडद्याने झाले नसते. तेच पुढे चालू ठेवा. आणि घरी असे बाळ आले, की रुग्णालयाचा कागद कपाटात ठेवण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक तारीख दिनदर्शिकेवर लिहा. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तो कागद हातात घेऊनच करा. डॉक्टरही कधी कधी विचारायला विसरतात.