पुष्पकातला कारकून

यमराज रेड्यावर बसून माणसाला न्यायला येतो, हे आजीनं मला इतक्या खात्रीनं सांगितलं होतं की, रात्री गिरगावच्या आमच्या गल्लीत बैलगाडी खडखडली तरी मी गोधडीत तोंड लपवायचो.

आरती कडव यांच्या ‘कार्गो’ या हिंदी चित्रपटात रेडा नाही. राक्षस आहेत, पण माणसांशी तह करून ते आता नोकरीला लागले आहेत. ‘पुष्पक ६३४ए’ या अंतराळयानात प्रहस्थ नावाचा राक्षस वर्षानुवर्षं एकटा बसला आहे. पृथ्वीवर मेलेली माणसं त्याच्याकडे येतात. त्यांच्याजवळच्या वस्तू तो काढून घेतो, शरीराची डागडुजी होते, आठवणी पुसल्या जातात आणि पुढच्या जन्मासाठी त्यांची रवानगी होते. कचेरीच्या भाषेत ती माणसं नव्हेतच. ‘कार्गो’, म्हणजे माल. मग युविष्का ही नवी मदतनीस रुजू होते आणि एकट्याच्या संसाराची बसलेली घडी विस्कटते.

सप्टेंबर २०२० मध्ये हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. त्याच वर्षी मी बँकेतून निवृत्त झालो होतो. टाळेबंदीमुळे निरोप समारंभही झाला नव्हता. घरातली सगळी मंडळी हसत होती. मी हसता हसता थांबलो, कारण प्रहस्थाचं टेबल माझ्या ओळखीचं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लालबागच्या एका शाखेत मयत खातेदारांचं काम माझ्याकडे होतं. १९८२ च्या संपानं गिरणगावाची कंबर मोडली होती. मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज, जामीनदारांच्या सह्या. सगळं तपासून लेजरच्या पानावर लाल शाईनं ‘मयत’ लिहायचं आणि पुढचं टोकन पुकारायचं. एकदा एक बाई नवऱ्याचं पासबुक घेऊन आल्या. रक्कम किरकोळच होती. अंगठा उठवून झाल्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, ह्ये पुस्तक मला ठेवता येईल का? त्यावर त्यांनी सोताच्या हातानं नाव लिवलंय.” खातं बंद झालं की पासबुक जमा करून घ्यायचं, असा नियम. मी ते घेतलं आणि फायलीला लावलं. तेव्हा मनात काही आलंसुद्धा नाही. आलं ते तीस वर्षांनी, आलेल्या मृतांशी युविष्का आपुलकीनं बोलू लागते तेव्हा.

कडव नागपूरच्या. आयआयटी कानपूरमध्ये शिकून सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून त्या इकडे वळल्या, आणि हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पैसा बेताचा आहे, हे लपत नाही. यानातले पडदे जुन्या टीव्हीसारखे, यंत्रांना ठसठशीत बटणं. चित्रपट मध्ये थोडा रेंगाळतोही. पण सरकारी कचेरीचा जीव ज्या संथपणात असतो, तो इथे अचूक उतरला आहे.

आणखी एक गंमत. यानाशी पडद्यावरून बोलणारे वरिष्ठ अधिकारी रंगवले आहेत नंदू माधव यांनी. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) दादासाहेब फाळके झाले होते, तेच हे. तोही मोकाशींचा पहिलाच चित्रपट. फाळक्यांनी दादरला चित्रीकरण केलं, सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुराणातली गोष्ट, नवं यंत्र आणि घरचा पैसा, यांतूनच आपला चित्रपट जन्मला. तेव्हा राक्षसाला अंतराळयानात बसवणं हे काही परदेशी खूळ नव्हे.

विज्ञानकथाही आपल्याला परकी नाही. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ती वाट पुढे दिवाळी अंकांतून घरोघरी पोचली. पडद्यावर मात्र विज्ञानकथा म्हटली की कोट्यवधींचा खर्च आणि स्फोटांचे आवाज हवेत, असं आपण धरून चाललो आहोत.

‘कार्गो’ २०१९ च्या मामि महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर थेट घरच्या पडद्यावर आला. अशा पहिलटकर दिग्दर्शकांसाठी दादर-गिरगावातल्या चित्रपटगृहांनी रविवारचा सकाळचा एक खेळ राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. १९६८ पासून प्रभात चित्र मंडळानं मुंबईत चोखंदळ प्रेक्षक घडवले आहेत. म्हणजे बघणारे नाहीत, ही सबब चालणार नाही. आपणही मुलाबाळांना घेऊन जायला हवं. शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूस कुठे गप्प होतो, हे घरी बसून कळत नाही.

त्या बाईंचं पासबुक पुढे नियमानुसार रद्दीत गेलं असणार. तिच्या हातात निदान त्या पानाची झेरॉक्स तरी देता आली असती. झेरॉक्सचं दुकान शाखेच्या समोरच होतं.