पत्त्यांतला गुलाम आणि जोतीरावांचं पुस्तक

मुलांनो, तुमच्यापैकी ‘गुलामचोर’ कोण कोण खेळतं? आमच्याकडे चतुर्थीला भजन आटोपलं की पडवीत पत्त्यांचा डाव बसतोच. तीन गुलाम बाजूला काढायचे, एकच डावात ठेवायचा, जोड्या लावत जायचं आणि शेवटी ज्याच्या हातात तो एकटा गुलाम उरेल तो हरला!

आमच्या शाळेतली मुलंही मधल्या सुट्टीत हा खेळ खेळायची. मी काणाडोळा करायचे. पण एके दिवशी पाहते तर खिचडी खाऊन झाल्यावर सहावीतला एक मुलगा नळावर एकटाच ताटं घासत होता. स्वतःचं एक नव्हे, चांगली दहा-बारा. हा मुलगा त्याच वर्षी दिवाळीनंतर शाळेत आलेला. आईवडील घाटापलीकडून आलेले, जवळच्या चिरेखाणीवर कामाला.

“अरे, तू एकटाच का?” मी विचारलं. तो काही बोलला नाही. दुसराच एकजण पुढे झाला.

“बाई, तो गुलाम झालो. जो गुलाम होता, तेणां सगळ्यांची ताटां धुवची, असो आमचो नियम आसा.”

“आणि काल?”

“काल पण तोच.”

“परवा?”

आता सगळे एकमेकांकडे बघू लागले. थोडं खोदून विचारल्यावर कळलं, की बाकीचे एकमेकांना खुणा करून तो पत्ता बरोब्बर त्याच्याच हातात ढकलत होते. नवा मुलगा, त्यात आमची मालवणी त्याला धड कळत नाही. तो बिचारा रोज हरायचा आणि रोज ताटं घासायचा.

मी कुणालाही मारलं नाही, ओरडलेही नाही. वर्गात गेल्यावर फक्त विचारलं, “गुलाम म्हणजे कोण रे?”

“राजाचो नोकर!” एकाने सांगितलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “नाय बाई. नोकराक पगार गावता. आणि पटला नाय तर तो काम सोडून जाव शकता.”

बघा मुलांनो, जाड्या जाड्या पुस्तकांत जे लिहितात ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. गुलामाला मोबदला नाही आणि गुलामाला जाता येत नाही. त्या दिवशी भूगोलाचा तास बाजूला राहिला आणि मी वर्गाला एक खरीखुरी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

अमेरिकेत मेरीलँड नावाचं राज्य आहे. तिथे साधारण १८१८ साली एक मुलगा जन्मला. नाव फ्रेडरिक. साधारण म्हणते, कारण गुलामाच्या मुलाचा जन्मदिवस कोण लिहून ठेवणार? आफ्रिकेतून माणसं पकडून जहाजांत कोंबून आणायची, बाजारात विकायची आणि त्यांच्याकडून कापूस, तंबाखू पिकवून घ्यायचा, असा व्यापार तिथे दोनशे वर्षं चालला होता. गुलामाचं मूल जन्मतःच मालकाचं. फ्रेडरिकला तान्हा असतानाच आईपासून दूर केलं होतं. ती दुसऱ्या शेतावर राबायची. दिवसभराचं काम संपवून रात्री बारा मैल चालत यायची, पोराला कुशीत घेऊन निजवायची आणि उजाडायच्या आत परत जायची. असं ती मोजून चार-पाच वेळाच येऊ शकली. फ्रेडरिक सात वर्षांचा असेल-नसेल, तेव्हा ती वारली.

पुढे त्याला बाल्टिमोर शहरात एका घरी कामाला पाठवलं. तिथली मालकीण प्रेमळ होती. तिने त्याला ए, बी, सी शिकवायला सुरुवात केली. मालकाला कळताच तो कडाडला. गुलाम वाचायला शिकला की तो कामातून गेला, मग तो गुलाम म्हणून राहायचाच नाही, असं त्याचं म्हणणं. शिकवणी बंद झाली. पण फ्रेडरिकने ते बोलणं ऐकलं होतं आणि त्याच्या मनाशी पक्कं झालं, की सुटायची वाट असेल तर ती हीच!

मग त्याने काय केलं असेल? खिशात पाव घेऊन तो रस्त्यावर जायचा. गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून अक्षरं घ्यायचा. आणि लिहायला कुठे शिकला? जहाजं बांधायच्या कारखान्यात. तुम्ही किनाऱ्यावर होडी बांधताना पाहिली असेल. तिथले सुतार फळी जहाजाच्या कोणत्या बाजूची ते कळावं म्हणून तिच्यावर अक्षर काढून ठेवत. फ्रेडरिक ती अक्षरं खडूने गिरवायचा. बारा वर्षांचा असताना जमवलेल्या पैशांतून त्याने एक पुस्तकही विकत घेतलं.

३ सप्टेंबर १८३८ रोजी हा वीस वर्षांचा तरुण खलाशाचे कपडे घालून, एका मित्राने दिलेले खलाशाचे कागद खिशात ठेवून आगगाडीत चढला आणि चोवीस तासांच्या आत न्यूयॉर्कला पोचला. तोच पुढे फ्रेडरिक डग्लस म्हणून जगाला माहीत झाला. १८४५ साली त्याने स्वतःची कहाणी लिहिली, १८४७ साली वर्तमानपत्र काढलं आणि गावोगाव भाषणं केली. हा माणूस कधीकाळी गुलाम होता यावर ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत नसे.

तो एकटा नव्हता. विल्यम लॉइड गॅरिसन नावाच्या गोऱ्या माणसाने १८३१ सालापासून ‘लिबरेटर’ हे पत्र चालवलं. एकही गुलाम राहता कामा नये, हीच त्याची मागणी. त्यासाठी एकदा लोकांनी त्याला दोरीने बांधून रस्त्यातून ओढत नेलं. हॅरिएट टबमन ही १८४९ साली स्वतः पळून सुटलेली बाई. ती सुटून गप्प बसली नाही. तेराएक वेळा परत जाऊन तिने सत्तरेक माणसांना सोडवून आणलं. रात्री चालायचं, ध्रुवतारा बघून दिशा ठरवायची, दिवसा ओळखीच्या घरी लपायचं. या वाटेला लोक ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. आपल्या कोकण रेल्वेला बोगदे तरी आहेत, हिला ना बोगदे, ना रूळ, ना डबे! लपायची घरं हीच स्टेशनं. हॅरिएट बीचर स्टो या लेखिकेची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ साली निघाली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या.

तरीही १८६० साली अमेरिकेत जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती. १८६१ ते १८६५ उत्तर आणि दक्षिण भागांत मोठं युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून आपल्या मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध चालू असतानाच १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. डिसेंबर १८६५ मध्ये तर घटनेत दुरुस्ती होऊन साऱ्या देशातली गुलामगिरी कायद्याने संपली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे झालं अमेरिकेचं. आपला काय संबंध?

आहे ना. त्याच काळात पुण्यात एक माणूस ही हकिकत मन लावून वाचत होता. जोतीराव फुले! लहानपणी त्यांनाही मध्येच शाळा सोडावी लागली होती. पोरगा शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, असं त्यांच्या वडिलांच्या मनात कुणीतरी भरवलं होतं. आठवलं का, बाल्टिमोरचा तो मालक काय म्हणाला होता ते? शेजारच्या गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेबांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. त्याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी पुढे १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद खुला केला.

१८७३ साली जोतीरावांनी एक पुस्तक लिहिलं. त्याचं नावच ‘गुलामगिरी’. जोतीराव आणि धोंडिबा या दोघांचा संवाद आहे त्यात. धोंडिबा शंका विचारतो, जोतीराव उत्तरं देतात. पायात बेडी नसली तरी जातीच्या नावाने माणसाला शिकू न देणं, पाण्याला शिवू न देणं ही गुलामगिरीच, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. आणि ते पुस्तक त्यांनी अर्पण कुणाला केलं, माहीत आहे? अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी स्वतः झीज सोसून काळ्या गुलामांना मुक्त केलं. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी त्यात लिहून ठेवली आहे.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गॅरिसन स्वतः गुलाम नव्हता. खिशातले कागद काढून देणारा तो मित्रही नव्हता. तरी ते उठले. ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच फक्त बोलायचं, असं नसतं.

आपल्या कोकणातही ‘वेठ’ होतीच. खोताच्या शेतावर कुळाने फुकट राबायचं! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. तरी कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे, आणि १९७६ साली त्यासाठी वेगळा कायदाही झाला.

गोष्ट संपली, घंटा झाली, मुलं पळाली. ताटं घासणारा तो मुलगा मात्र बाकावरच बसून राहिला. मग हळूच म्हणाला, “बाई, बाबांनी मुकादमाकडून उचल घेतलीय. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही म्हणतो तो. मग बाबा गुलाम का?”

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने मी म्हटलं, “उचल घेणं हा काही गुन्हा नव्हे. पण उचलीपायी माणसाला अडकवून ठेवणं हा मात्र गुन्हा आहे. कायदा तुझ्या बाबांच्या बाजूने आहे.” शनिवारी शाळा सुटल्यावर आमचे मुख्याध्यापक आणि मी खाणीवरच्या त्यांच्या झोपडीत गेलो. किती उचल घेतली, किती फिटली, हे वडिलांना सांगता येईना. सगळा हिशेब मुकादमाच्या वहीत. यांना वाचता येत नव्हतं. तशी वेळ आली तर तहसीलदारांकडे जाता येतं, आम्ही सोबत येऊ, एवढं आम्ही सांगून आलो.

सोमवारी मी त्या मुलाला एक शंभर पानी वही दिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो वडिलांना विचारून आज चिरे किती काढले, पैसे किती मिळाले, किती कापले, ते मांडून ठेवू लागला. महिनाअखेर ती वही मुकादमासमोर उघडली, तेव्हा दोन ठिकाणी हिशेब जुळला नाही. मुकादमाने कुरकुर केली, पण आकडा दुरुस्त केला. उचल अजून फिटायची होती. पण किती फिटायची, ते आता त्या घराला माहीत होतं.

आणि आमचा गुलामचोर? तो काही बंद पडला नाही. नियम तेवढा बदलला. हरेल त्याने सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आणि ताटं ज्याची त्याने घासायची. खुणा करणारे मात्र पहिले आठ दिवस भलतेच हरत होते!

मुलांनो, या आठवड्यात एक काम करा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ‘वेठ’ म्हणजे काय ते विचारा. त्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं वहीत लिहून काढा. आणि आईबाबांनो, तुमच्या घरी, शेतावर, बागेत कामाला येणाऱ्या माणसांची मुलं शाळेत जातात का, एवढी चौकशी तुम्ही करा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!